गर्भाशय-उच्छेदन, दुर्बिणीद्वारे

पोटावर मोठा छेद न घेता, साधारणपणे ५ ते १० मिलिमीटर व्यासाच्या तीन-चार छिद्रांतून दुर्बीण आणि लांब दांड्यांची हत्यारे आत घालून गर्भाशय भोवतालच्या बंधांपासून व रक्तवाहिन्यांपासून सोडवण्याची आणि ते बहुधा योनिमार्गातून बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया. पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू १२ ते १५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने भरला जातो आणि रुग्णाचे डोके खालच्या बाजूस कलते ठेवले जाते, त्यामुळे आतडी वर सरकून ओटीपोट मोकळे दिसते. रोबॉटच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया हा याच पद्धतीचा एक प्रकार होय.

या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. सेंट पीटर्सबर्गचे स्त्रीरोगतज्ज्ञ दिमित्री ओट यांनी १९०१ मध्ये योनिमार्गाच्या मागील बाजूस छेद घेऊन, कपाळावरील आरशाने प्रकाश आत टाकून, ओटीपोटातील अवयव पाहिल्याचे वर्णन केले. त्याच वर्षी हँबर्ग येथील निसर्गवैज्ञानिक व वैद्य यांच्या अधिवेशनात जॉर्ज केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात कापसातून गाळलेली हवा भरून मूत्राशयाच्या दुर्बिणीने आतील भाग दाखवला. माणसांवरील अनुभव स्टॉकहोमचे हान्स क्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर आपण हे आधीच केले असल्याचा दावा केलिंग यांनी मांडला. रशियन लेखक ओट यांना, तर जर्मन लेखक केलिंग यांना अग्रमान देतात. तथापि बंद पोटात वायू भरून नळीवाटे पाहणे हे या पद्धतीचे मर्म मानल्यास ओट यांचा प्रयोग तिचा पूर्वज ठरतो, आरंभ नव्हे. तत्त्वाचे श्रेय केलिंग यांना व मानवी उपयोगाचे याकोबेउस यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. क्षयरोगात छातीत हवा भरण्यासाठी हंगेरीचे यानोश वेरेस यांनी बनवलेली व १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेली स्प्रिंगची सुई पुढे पोटात वायू भरण्यासाठी रूढ झाली. पॅरिसचे राऊल पामर यांनी १९४० च्या दशकात ही तपासणी स्त्रीरोगशास्त्रात आणली, आणि कील येथील कुर्ट सेम यांनी वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र व अनेक हत्यारे तयार करून केवळ तपासणीच्या या पद्धतीचे शस्त्रक्रियेत रूपांतर केले.

दुर्बिणीने गर्भाशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेतील हॅरी राइख यांनी जानेवारी १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात केली आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध केली, असे बहुतेक ग्रंथ नोंदवतात. त्याआधी योनिमार्गातून गर्भाशय काढताना वरचे बंध दुर्बिणीने सोडवण्याची साहाय्यक पद्धत वापरात येऊ लागली होती. त्यामुळे ‘पहिली’ कोणती हे व्याख्येवर ठरते. गर्भाशयाच्या मुख्य रोहिण्या दुर्बिणीखालीच बंद केल्या तर ती दुर्बिणीची शस्त्रक्रिया, अन्यथा दुर्बिणीच्या मदतीने योनिमार्गातून केलेली, हा निकष राइख यांच्या बाजूने जातो. मूत्रवाहिनी या रोहिणीच्या खालून, अगदी जवळून जात असल्यामुळे हा टप्पा सर्वांत जोखमीचा असतो.

साध्या, म्हणजे कर्करोगाखेरीजच्या विकारांत ही पद्धत उपयुक्त आहे, परंतु ती सर्वश्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत पोटावर छेद घेण्याशी तुलना करता दुर्बिणीच्या गटात मोठ्या गुंतागुंती अधिक आढळल्या (११.१ टक्के विरुद्ध ६.२ टक्के), वेदना मात्र कमी होत्या व प्रकृती लवकर सुधारली. शक्य तेथे जुनी योनिमार्गाची शस्त्रक्रियाच करावी, हे कॉक्रेन पुनरावलोकनाचे (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आढाव्याचे) मत होते व त्यात दोष काढणे अवघड आहे. रोबॉटचा अमेरिकेतील वापर २००७ मधील ०.५ टक्क्यावरून २०१० मध्ये ९.५ टक्क्यांवर गेला. २,६४,७५८ स्त्रियांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात गुंतागुंतीचे प्रमाण साध्या दुर्बिणीइतकेच, तर खर्च दर शस्त्रक्रियेमागे सुमारे २,१८९ डॉलर जास्त आढळला.

मोठे गर्भाशय किंवा फायब्रॉइडची (गर्भाशयाच्या स्नायूंची, कर्करोग नसलेली) गाठ छोट्या छिद्रातून काढण्यासाठी ती आतच बारीक करणारे मॉर्सेलेटर हे यंत्र वापरले जात असे. गाठीत न ओळखलेला सार्कोमा (एक प्रकारचा कर्करोग) असल्यास तो पोटभर पसरू शकतो, या कारणाने अमेरिकी औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला. प्रशासनाचा अंदाज ३५० शस्त्रक्रियांमागे एक सार्कोमा असा होता. त्यानंतरच्या काही संकलनांत हे प्रमाण बरेच कमी निघाले. हा फरक मुख्यतः कोणते अभ्यास हिशेबात धरले यावर अवलंबून आहे. आता गाठ पिशवीत बंद करून बारीक करण्याची शिफारस केली जाते.

अलीकडच्या संशोधनात सर्वाधिक खळबळ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने उडवली. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात दुर्बीण सुरक्षित ठरली होती: २,६१६ स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत पाच वर्षांचे जीवितप्रमाण दोन्ही गटांत ८९.८ टक्के होते, आणि २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीने ८१.६ व छेदाने ८१.३ टक्के आढळले. त्यामुळे गर्भाशयमुखाबाबतही तसेच होईल, हे बहुतेकांनी गृहीत धरले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये पेद्रो रामिरेझ व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘लॅक’ चाचणीत, ३३ रुग्णालयांतील ६३१ स्त्रियांमध्ये, साडेचार वर्षांनी रोगमुक्तांचे प्रमाण दुर्बीण वा रोबॉटच्या गटात ८६ टक्के व छेदाच्या गटात ९६.५ टक्के भरले. मूळ उद्दिष्ट ७४० स्त्रियांचे होते. सुरक्षिततेच्या कारणावरून भरती आधीच थांबवावी लागली. नियतकालिकाच्या त्याच अंकातील, अमेरिकी नोंदींतील २,४६१ स्त्रियांच्या अभ्यासात चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण दुर्बीण वा रोबॉटच्या गटात ९.१, तर छेदाच्या गटात ५.३ टक्के होते.

यावर दोन आक्षेप घेतले गेले. शल्यविशारदांचे कौशल्य अपुरे होते, हा पहिला. परंतु सहभागी केंद्रांकडून आधीच्या दहा शस्त्रक्रियांचे निकाल आणि दोन असंपादित चित्रफिती मागवल्या होत्या, शिवाय स्वतंत्र नोंदींतूनही तेच चित्र दिसते, म्हणून तो फारसा टिकत नाही. दुसरा आक्षेप छेदाच्या गटाचे निकाल अपेक्षेपेक्षा फार चांगले आले, असा आहे. चाचणीच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम विश्लेषणातही निष्कर्षाची दिशा बदलली नाही. कारणमीमांसा अद्याप अनुमानाच्या पातळीवर आहे. गर्भाशय हलवण्यासाठी योनिमार्गातून बसवलेले मॅनिप्युलेटर अर्बुद (कर्करोगाची गाठ) चेपते, योनिमार्ग कापताना अर्बुदाचा पृष्ठभाग वायू भरलेल्या पोटात उघडा पडतो, आणि त्यातून पेशी विखुरतात, अशी उपपत्ती मांडली जाते. ६९३ स्त्रियांच्या युरोपीय निरीक्षणात मॅनिप्युलेटर न वापरलेल्यांचे निकाल छेदाच्या जवळपास आले. परंतु तो निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यावरून पद्धतीला निर्दोष ठरवता येत नाही. रोबॉटने शस्त्रक्रिया केल्यास काय होते, याची चाचणी स्वीडनच्या पुढाकाराने घेतली जात आहे. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या अर्बुदासाठी मूलगामी (गर्भाशयासोबत भोवतालच्या ऊती व योनिमार्गाचा वरचा भाग काढणाऱ्या) शस्त्रक्रियेची गरजच आहे का, हा त्याला लागून येणारा प्रश्न. ७०० स्त्रियांच्या २०२४ च्या ‘शेप’ चाचणीत साध्या उच्छेदनानंतर ओटीपोटातील पुनरुद्भवाचे प्रमाण तीन वर्षांत २.५२ टक्के, मूलगामी शस्त्रक्रियेनंतर २.१७ टक्के आढळले, आणि साध्या गटात लघवीच्या तक्रारी कमी होत्या. त्यातील बहुतांश शस्त्रक्रिया दुर्बीण वा रोबॉटने झाल्या असल्या, तरी छेद की दुर्बीण, हे ठरवण्यासाठी ती चाचणी आखलेली नव्हती.

योनिमार्गातूनच दुर्बीण घालून पोटावर एकही छिद्र न करण्याची पद्धत बेल्जियममध्ये यान बाकेलांट यांनी पुढे आणली. ७० स्त्रियांच्या चाचणीत त्याच दिवशी घरी गेलेल्यांचे प्रमाण ७७ टक्के, तर नेहमीच्या दुर्बिणीच्या गटात ४३ टक्के होते.

भारतात दुर्बिणीचा प्रसार प्रथम कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून झाला, पी. व्ही. मेहता यांनी एकट्याने केलेल्या २,५०,१३६ नसबंदी शस्त्रक्रियांचा आढावा १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील मूलगामी शस्त्रक्रियेत पुण्याचे शैलेश पुणतांबेकर यांनी २००७ मध्ये २४८ रुग्णांचा अनुभव ‘पुणे तंत्र’ या नावाने मांडला. ‘लॅक’च्या निकालानंतर तो पूर्वीइतक्या निःशंकपणे उद्धृत करता येत नाही. त्यांच्याच चमूने १८ मे २०१७ रोजी भारतातील पहिले गर्भाशय-प्रत्यारोपण केले. जिवंत दात्रीचे गर्भाशय तेव्हा दुर्बिणीच्या साहाय्याने काढण्यात आले. नेहमीच्या उच्छेदनात रक्तवाहिन्या गर्भाशयाजवळ बंद करून तोडतात. येथे मात्र त्या पुढे जोडता याव्यात म्हणून लांबपर्यंत जपून सोडवाव्या लागतात. प्रत्यारोपित गर्भाशयातून ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात सिझेरियनने मूल जन्मले.