टोळ: शापही आणि शिधाही

बायबलमधले किडे म्हटले की बहुतेकांना दोनच प्रसंग आठवतात. एक इजिप्तवर आलेली टोळधाड, आणि दुसरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा ‘टोळ व रानमध’ हा आहार. पहिल्यात टोळ हा देवाचा कोप आहे, दुसऱ्यात एका विरक्त माणसाचं जेवण. एकाच ग्रंथात हे दोन्ही कसं बसतं हे समजून घ्यायचं, तर धर्मशास्त्राच्या आधी त्या मुलखाच्या हवापाण्याकडे बघावं लागतं.

हा टोळ म्हणजे वाळवंटी टोळ. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा आणि नागपूरच्या शिवारात उतरला होता, तोच. एरवी तो एकेकटा फिरतो. पाऊसपाणी बरं झालं आणि संख्या वाढली की त्याचा रंग पालटतो, स्वभाव पालटतो आणि थवे बनतात. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात, आणि प्रत्येक जण दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतका, म्हणजे दोनेक ग्रॅम पाला फस्त करतो. योएल संदेष्ट्याने लिहून ठेवलंय की धाडीपुढची भूमी एदेन बागेसारखी आणि मागची ओसाड वाळवंट. यात काव्य कमी आणि पंचनामाच जास्त आहे. याच पुस्तकात देव टोळांना ‘माझं मोठं सैन्य’ म्हणतो.

पण पीक गेल्यावर गावकऱ्याच्या हाती काय उरतं? टोळच. मीठ लावून उन्हात वाळवला की तो कित्येक महिने टिकतो, आणि वाळलेल्या टोळाच्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. ज्याने धान्य खाल्लं त्यालाच खायचं, हा रोकडा हिशोब पश्चिम आशियात मोशेच्या नियमशास्त्राहून जुना आहे. युफ्रेटिस काठच्या मारी या नगरीत सापडलेल्या इ.स.पू. अठराव्या शतकातल्या पत्रांत राजाकडे टोळ पाठवल्याचे उल्लेख आहेत. निनवे इथे सन्हेरीब या अश्शूरी राजाच्या राजवाड्यातलं एक शिल्प, साधारण इ.स.पू. ७०० च्या सुमाराचं, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात मेजवानीचं सामान घेऊन सेवकांची रांग चालली आहे. कुणाच्या हातात डाळिंबं, तर कुणाच्या हातात काठीला ओळीने बांधलेले टोळ. म्हणजे हे फक्त दुष्काळातल्या गरिबाचं अन्न नव्हतं, राजाच्या पंगतीतही त्याला मान होता.

मोशेच्या नियमशास्त्रातल्या लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातला नियम या पार्श्वभूमीवर वाचावा. पंख असलेले आणि चार पायांवर चालणारे सगळे किडे अमंगळ, असं आधी सरसकट सांगितलंय. लगेच पुढे सूट आहे: ज्यांना जमिनीवर उड्या मारण्यासाठी पायांच्या वर तंगड्या आहेत ते चालतील. आणि टोळवर्गातली चार नावं. बाकी मुंग्या, अळ्या, सरपटणारं सगळं वर्ज्य, आणि त्याचं कारण अध्यायाच्या शेवटी दिलंय: मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा. किड्याला सहा पाय असताना चार का म्हटलं, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. उड्या मारायच्या तंगड्या वेगळ्या मोजल्या की हिशोब जुळतो, एवढंच पुरे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नियमशास्त्रातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात हीच खाद्ययादी पुन्हा येते तेव्हा टोळाची सवलत नावाने येत नाही. शुद्ध पंखवाले खावेत, एवढंच मोघम वाक्य आहे.

पावित्र्याची चौकट इतकी कडक असताना एकट्या टोळाला दार उघडं का, याचा खुलासा ग्रंथ करत नाही. माझ्या मते नियम लिहिणाऱ्यांनी लोक आधीपासून जे खात होते त्याला कुंपण घातलं, नवीन काही दिलं नाही.

इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) नियमसंग्रहात, तर टोळ हा चक्क बाजारातला माल आहे. शुद्ध टोळाची लक्षणं तिथे दिली आहेत: चार पाय, चार पंख, उडीच्या तंगड्या, आणि पंखांनी अंगाचा बहुतेक भाग झाकलेला असावा. शुद्ध आणि अशुद्ध टोळ एकाच खारात मुरवले गेले तर खार बाद होतो का, यावर निर्णय आहे (होत नाही). कोठारातला टोळ घ्यावा, दुकानदाराच्या टोपलीतला नको, अशीही सूचना सापडते, कारण विक्रेते त्यावर द्राक्षारस शिंपडत आणि तो परधर्मीयाच्या नैवेद्याचा असण्याची शंका असे. टोळाला मासळीसारखंच विधिपूर्वक कापण्याचं बंधन नव्हतं. मृत समुद्राकाठच्या पंथाचा दमास्कस दस्तऐवज मात्र तिथेही आडवा येतो: टोळ जिवंतपणीच विस्तवात किंवा पाण्यात टाकावा.

सगळ्यात बोलका वाद आशीर्वचनाचा आहे. जेवणाआधी प्रत्येक पदार्थावर देवाचे आभार मानायचे, तर टोळावर मानायचे का? बहुमत म्हणतं, माना. रब्बी यहूदा म्हणतात, जी वस्तू मुळात शाप आहे तिच्यावर आशीर्वचन कसलं? निर्गम या पुस्तकातली इजिप्तवरची टोळधाड आणि लेवीयातली सवलत या एका प्रश्नात समोरासमोर येतात.

योहानाच्या ताटाकडे बघताना हे सगळं ध्यानात हवं. शुभवर्तमानं लिहिणारे मत्तय आणि मार्क दोघेही त्याचा आहार सांगतात आणि पुढे जातात. त्यांच्या श्रोत्यांना त्यात किळसवाणं किंवा अद्भुत काही वाटत नसावं. यार्देनकाठच्या रानात फिरणाऱ्या माणसाला हे दोन्ही पदार्थ विकत न घेता, कुणाच्या चुलीला हात न लावता मिळत, आणि दोन्ही शुद्ध होते. मधमाशी स्वतः अशुद्ध, पण मध चालतो, असा निर्वाळा रब्बींनी दिलेलाच आहे. मृत समुद्राकाठचा तो पंथ याच परिसरात, कुमरान इथे राहत होता, म्हणून काही अभ्यासक योहानाचा त्यांच्याशी संबंध जोडतात. आहाराचा पुरावा तेवढ्यासाठी तोकडा पडतो.

अडचण नंतरच्यांना झाली. इबियोनी हा मांस न खाणारा ख्रिस्ती पंथ. चौथ्या शतकातल्या एपिफानियसने नोंदवलंय की त्यांच्या शुभवर्तमानात योहानाच्या जेवणातून टोळ गायब होऊन तिथे मधाची पोळी आली. पुढे मध्ययुगीन युरोपात टोळ म्हणजे खरं तर कॅरोब या झाडाच्या शेंगा, असं समजलं जाऊ लागलं, आणि त्या शेंगांना ‘संत योहानाची भाकरी’ हे नावच चिकटलं. ज्यांच्या शेतात कधी थवा उतरला नाही, त्यांना संताच्या तोंडी किडा घालवेना.

ज्यूंच्याही बाबतीत नकाशाच निर्णायक ठरला. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये बायबलवर भाष्य लिहिणारे रब्बी राशी सांगतात की ही लक्षणं असलेले टोळ आपल्याकडे दिसतात, पण त्यांच्यातला भेद आपल्याला ओळखता येत नाही. पुढे शुल्हान आरूख या ज्यू नियमसंहितेने ठरवलं की नुसती लक्षणं पुरेत असं नाही, ओळखीची परंपराही हवी. युरोपात ती नव्हती, म्हणून सवलत कागदावरच राहिली. येमेन आणि मोरोक्कोत धाडी येत राहिल्या, म्हणून परंपरा जगली. मोरोक्कोत मात्र अठराव्या शतकात रब्बी हाईम इब्न अत्तार यांनी या खाण्याला कडाडून विरोध केला.

येमेनी ज्यूंची पद्धत साधी होती. टोळ रात्री किंवा पहाटे गोळा करायचे, कारण गारठ्याने ते तेव्हा जागचे हलत नाहीत. बायबलमधल्या नहूमाच्या पुस्तकातही हेच निरीक्षण आहे: थंडीत कुंपणावर बसतात, ऊन आलं की उडून जातात. मग खारट उकळत्या पाण्यात किंवा तंदुरासारख्या भट्टीत टाकायचे. डोकं, पंख आणि तंगड्या काढायच्या आणि उरलेलं उन्हात वाळवायचं. शुद्धतेची खूण टोळ उलटा करून बघत: छातीच्या खालच्या बाजूला हिब्रू ‘हेत’ अक्षरासारखी आकृती. भोवतालच्या मुस्लिमांनाही टोळ निषिद्ध नव्हता, हदीसमध्ये मासा आणि टोळ यांना न कापता खाण्याची मुभा आहे, त्यामुळे बाजार सगळ्यांचा एकच होता.

१९४९-५० मध्ये येमेनी ज्यू मोठ्या संख्येने इस्रायलमध्ये आले आणि ही ओळख त्यांच्यासोबत आली. पण नव्या देशात टोळधाड आली की विमानं फवारणी करू लागली, आणि फवारलेला टोळ खाणं धोक्याचं. मार्च २०१३ मध्ये वल्हांडण या ज्यू सणाच्या तोंडावर इजिप्तकडून थवे इस्रायलच्या दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटात उतरले तेव्हा जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला: येमेनी शेजाऱ्याने ओळखून दिलेला टोळ पोलंडहून आलेल्या कुटुंबाने खावा का? काही रब्बींनी हो म्हटलं, कारण विश्वासार्ह परंपरा कुणाचीही असली तरी ती परंपराच. बाकीच्यांचं म्हणणं, आपल्या घराण्यात नाही ते आपण सुरू करू नये.