संकेतस्थळ रचना, लघुव्यवसायांची (ग्रामीण विदर्भ)

संकेतस्थळ रचना, लघुव्यवसायांची : लहान दुकान, रोपवाटिका, तेलघाणी, बचत गट किंवा होमस्टे यांची माहिती इंटरनेटवर सापडेल, वाचता येईल आणि तिच्यावरून व्यवहार करता येईल अशी मांडण्याची पद्धत. ग्रामीण विदर्भातल्या अशा वेबसाइटचे गिऱ्हाईक बहुधा मोबाइलवर असते. माल आहे का, भाव काय आणि फोन कुणाला करायचा, एवढेच त्याला हवे असते. ही उत्तरे पान उघडताच दिसली की निम्मे काम झाले. प्रत्यक्षात तिथे ‘आपले हार्दिक स्वागत’ आणि सरकती चित्रे असतात.

एकच पान लहान-मोठ्या सर्व स्क्रीनवर आपोआप नीट बसावे, या पद्धतीला वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी 2010 मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिले. 2015 मध्ये गूगलने मोबाइलवरच्या शोधात अशा पानांना झुकते माप द्यायला सुरुवात केली. पान वेगाने उघडणेही तितकेच महत्त्वाचे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तो गाठणे कठीणच. वेग बहुतेकदा फोटो खातात. मोबाइलने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो दोनशे केबीच्या आत आणून मगच चढवावा. तो आपल्याच मालाचा असावा, हेही ओघाने आले. संत्र्याच्या पानावर कुठून तरी उचललेले घट्ट, गुळगुळीत सालीचे विदेशी फळ लावले, तर सैल सालीचे नागपुरी संत्रे सोललेल्या माणसाला ते लगेच कळते.

वरूड तालुक्यातील शेंदुरजना घाट संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणच्या रोपवाटिकेच्या पानावर कलम जंबेरी खुंटावरचे (खुंट म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते) आहे की रंगपूर लाइमवरचे, त्याचे वय किती, दर काय, किमान किती कलमे घ्यावी लागतील आणि गाडीभाड्याचे काय, हे सारे लिहिलेले हवे. दरापुढे तारीख हवीच. मागच्या हंगामाचा दर तसाच राहिला तर फोनवर रोज भांडण. त्यापेक्षा दर न लिहिलेला बरा. मध्य प्रदेशची हद्द जवळ असल्याने पांढुर्णा, छिंदवाड्याकडच्या गिऱ्हाइकासाठी तोच मजकूर हिंदीतही द्यावा. नंबरवर बोट ठेवताच फोन लागावा. चित्रात कोरलेला नंबर वहीत उतरवून घ्यायला कुणी थांबत नाही.

पत्त्यात तालुका आणि जिल्हा सोडू नये. पिंपळगाव, सावंगी अशा नावांची गावे जागोजाग असल्याने नकाशावरची नेमकी खूण आणि ‘बसस्टँडवरून अमुक रस्त्याने’ अशी एक ओळ अधिक उपयोगी पडते.

मराठी मजकुराची सर्वात मोठी अडचण छापखान्यातून येते. पत्रकासाठी कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर तसाच चिकटवला की निरर्थक अक्षरे उमटतात. मग पत्रकाचे चित्रच चढवले जाते, आणि चित्रातला मजकूर शोधात सहज येत नाही. म्हणून आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात, रूपांतर करावे. देवनागरीच्या वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींत अडकू नयेत म्हणून दोन ओळींत मोकळी जागा ठेवावी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 : 1 असावे, असे सुगम्यतेचा (पान सर्वांना, अधू नजरेच्या माणसालाही वापरता यावे याचा) आंतरराष्ट्रीय निकष सांगतो. मे महिन्याच्या उन्हात शेतात उभे राहून फिकट राखाडी अक्षरे वाचून पाहावीत. निकष का आहे ते समजते.

खाद्यपदार्थ विकणाऱ्याने एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी क्रमांक दाखवावा. वायगावची हळद व भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे. माल तिथला नसेल तर ती नावे वापरू नयेत. ताडोब्याजवळच्या होमस्टेने पावसाळ्यात कोअर क्षेत्रातील सफारी बंद असते हे आरक्षणाच्या पानावरच सांगावे. पाहुणा गेटवरून परत फिरला की राग होमस्टेवरच निघतो.

डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या इंटरनेटवरच्या पत्त्याची, नोंदणी मालकाच्या स्वतःच्या नावाने, ईमेलने आणि मोबाइल नंबरने करावी. ती वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर राहते, तो नोकरीसाठी पुण्याला जातो, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते आणि एक दिवस पान उघडेनासे होते. पत्ता देवनागरीत हवा असेल तर 2014 पासून ‘.भारत’ हा पर्याय उपलब्ध आहे, पण फोनवरून तोंडी सांगायला सोपे पडेल असेच नाव निवडावे.