दळण, घड्याळ आणि मेक

हिंजवडीत नोकरी करणारा भाचा परवा वैतागून म्हणाला, "मामा, बग दुरुस्त केला, फाइल सर्व्हरवर टाकली, बिल्ड केलं, तरी बग तिथंच. सगळं पुसून पुन्हा बिल्ड केलं तर गायब!" त्यांच्या टीममध्ये हे 'सगळं पुसून पुन्हा' आता व्रतासारखं पाळतात. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूचा हार घाला, हरकत नाही. पण कारण न शोधता उतारा टाकायचा, याला इंजिनिअरिंग म्हणवत नाही.

यामागं बहुतेकदा 'मेक' असतो: कोडपासून चालता प्रोग्राम बनवायचं, म्हणजे बिल्डचं, काम सांभाळणारा. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेला हा प्रोग्राम आजही जागोजागी राबतो. त्याचा हिशेब दळणाचा आहे. गहू पिठानंतर घरात आले असतील तर दळायचं, नाहीतर डब्यातलंच पीठ वापरायचं. सोर्स फाइल, म्हणजे माणसानं लिहिलेला कोड, हे गहू; कंपायलर तो मशीनच्या भाषेत उतरवतो, ती ऑब्जेक्ट फाइल म्हणजे पीठ. गंमत अशी की मेक गव्हाला हातही लावत नाही, फक्त दोन्ही फायलींवरची वेळ बघतो.

आता समजा, सर्व्हरवर १०:०० वाजता पीठ पडलं. भाच्यानं १०:०३ ला कोड बदलला, पण त्याचा लॅपटॉप सहा मिनिटं मागे, म्हणून फाइलवर शिक्का ९:५७ चा. कॉपी करताना तो शिक्का जपला गेला. मेकच्या लेखी गहू जुने, दळायचं कारण नाही! घड्याळ पुढे असतं तर 'क्लॉक स्क्यू' (घड्याळं जुळत नाहीत) म्हणून इशारा तरी मिळाला असता, मागे असलं की सगळं चिडीचूप. बॅकअपमधली जुनी फाइल परत आणली तरी हेच होतं. आणि कंपायलरचे फ्लॅग, म्हणजे त्याला दिलेल्या सूचना, बदलले तर साधा मेक त्याची दखलच घेत नाही.

भाच्याचं घड्याळ खरंच मागे निघालं. ते जुळवलं. मग मलाच खाज सुटली: लॅपटॉप आणि सर्व्हर, दोन्ही मशीनवर कोरं बिल्ड करून एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ठशासारखी बेरीज, काढली. एकच कोड, एकच कंपायलर, तरी बेरजा वेगळ्या. एका ठिकाणी __डेट__ या मॅक्रोनं (कंपायलर आपोआप भरतो तो शब्द) बिल्डची तारीख पोटात घातली होती. लिंकरला, म्हणजे ऑब्जेक्ट फायली जोडून एक प्रोग्राम करणाऱ्याला, फायली डिरेक्टरीतून येतील त्या क्रमानं दिल्या होत्या, आणि तो क्रम दोन मशीनवर सारखा असेलच असं नाही. नावांनी सॉर्ट केलं, त्यातही लोकेल (भाषेची सेटिंग) 'सी' ठेवलं, कारण भाषेगणिक सॉर्ट बदलतो. तारखेसाठी सोर्स_डेट_इपॉक हा व्हेरिएबल ठरवून दिला. जीसीसी हा कंपायलर तो मानतो.

तरी बेरीज जुळेना. शेवटी डिबग माहितीत, म्हणजे चुका शोधायला प्रोग्राममध्ये ठेवलेल्या नोंदींत, भाच्याच्या होम फोल्डरचा अख्खा पत्ता सापडला.