पांडवलेण्यात चैत्य कुठलं आणि विहार कुठला?

पाहुणे आले की आम्ही नाशिककर त्यांना रामकुंड दाखवतो आणि मग पांडवलेण्यावर, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यांवर, चढवतो. गेल्या पावसाळ्यात मामेभाऊ आलेला, तीन नंबरच्या लेण्यात मागच्या भिंतीवर स्तूप दिसला तसा लगेच म्हणाला, हे चैत्य! नाही रे बाबा. तो स्तूप भिंतीतच उठावात कोरलाय, त्याच्याभोवती फिरणार कसा? चैत्य म्हणजे पूजेची जागा, तिथे स्तूप सुटा उभा असतो, दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, मागची बाजू अर्धगोल, म्हणजे प्रदक्षिणा घालता येते. छत पण हत्तीच्या पाठीसारखं गोलसर आणि बाहेर दारावर घोड्याच्या नालेसारखी कमान. इथल्या २४ लेण्यांत असं एकच आहे, १८ नंबर.

बाकीची बहुतेक विहार, म्हणजे भिक्षूंची राहायची जागा, सरळ हॉस्टेल म्हणा ना. मधे चौकोनी हॉल, सपाट छत, तीन बाजूंना खोल्या आणि खोलीत झोपायला दगडी ओटा. तीन नंबरच्या हॉलभोवती अशा १८ खोल्या आहेत, दहा नंबरला १६. आणि हे राहायचंच ठिकाण होतं याचा पुरावा दहा नंबरच्या भिंतीवरच कोरलेला आहे: क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे, कायमचे ठेवले, त्यातल्या २००० वर शेकडा महिना एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०, आणि त्यातून इथे वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्षूंना चिवराचे, म्हणजे अंगावरच्या वस्त्राचे, प्रत्येकी १२. गणित बरोब्बर जुळतं, एफडीच की ही! (याच लेण्यात भिंतीवर जो स्तूप होता तो नंतर कोणीतरी तासून त्याचा भैरव केलाय, त्यामुळे लोक अजूनच गोंधळतात.)

वीस नंबरला मात्र मीही पहिल्यांदा फसलो. आहे विहारच, दोन्हीकडे खोल्या, पण नंतर लेणं मागे वाढवून गाभारा काढलाय आणि आत भलीमोठी बसलेली बुद्धमूर्ती. म्हणजे राहणं आणि पूजा एकाच छताखाली आली, मग नुसतं मूर्ती दिसली म्हणून चैत्य म्हणायचं नाही, खोल्या बघायच्या. वेरूळलाही तसंच, १ ते १२ बौद्ध लेणी आणि त्यात चैत्य फक्त १० नंबर, ज्याला लोक सुताराचं झोपडं म्हणतात ते.

आणि शब्दांनीही घोळ घातलाय. आज आपल्या गल्लीतल्या बुद्धविहारात कोणी राहत नसतं, लोक वंदनेला जातात, म्हणजे काम चैत्याचं आणि नाव विहाराचं! त्यामुळे मामेभावाचा गोंधळ झाला त्यात त्याची फार चूक नाही, पण १८ नंबर बघायच्या आधीच "चला आता खाली, चहा घेऊ" म्हणाला ते मी अजून विसरलो नाहीये.