बट आय'म अ चीअरलीडर

जेमी बॅबिट यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन उपहासात्मक प्रेमपट. कथाकल्पना बॅबिट यांची, पटकथा ब्रायन वेन पीटरसन यांची. १९९९ साली टोरांटो चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि २०००च्या जुलैत अमेरिकेत प्रदर्शित झाला. बॅबिट यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट.

मेगन (नताशा लिओन) शाळेच्या चीअरलीडर संघात आहे, देवभीरू आहे, तिला मित्रही आहे. पण त्याने चुंबन घेतले की ती कंटाळते, ती मांस खात नाही, उघडपणे समलिंगी असलेल्या गायिका मेलिसा एथरिज यांची गाणी ऐकते. एवढ्या पुराव्यावर घरचे आणि मैत्रिणी तिला समलिंगी ठरवतात, एक दिवस तिला घेरतात आणि समलैंगिकता 'बरी' करणाऱ्या 'ट्रू डायरेक्शन्स' या शिबिरात पाठवतात. ‘मी तर चीअरलीडर आहे’ हा तिचा बचाव, आणि चित्रपटाचे नावही तेच.

शिबिरात पाच पायऱ्या पार करायच्या असतात. आपण समलिंगी आहोत हे कबूल करणे ही पहिली. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांचे हे सरळ विडंबन आहे. बॅबिट यांची आई किशोरवयीनांसाठी व्यसनमुक्ती केंद्र चालवत असे, त्यामुळे ते वातावरण दिग्दर्शिकेने लहानपणापासून पाहिलेले होते. मुलींना गुलाबी कपडे घालून केर काढायला आणि बाहुलीची लंगोटी बदलायला शिकवतात, मुलांना निळ्या कपड्यांत लाकडे फोडायला आणि मोटार दुरुस्त करायला. सगळे प्लास्टिकच्या खेळण्यासारखे भडक दिसते. चित्रपटाचे खरे बळ याच रंगांत आहे. ज्याला शिबीर 'नैसर्गिक' म्हणते ते इतके घोकून घ्यावे लागते, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. ड्रॅग कलाकार (भडक स्त्रीवेशात कार्यक्रम करणारे) म्हणून प्रसिद्ध असलेले रूपॉल येथे 'बरा झालेला' पुरुष प्रशिक्षक माइक झाले आहेत, आणि संचालिका मेरीच्या (कॅथी मोरियार्टी) स्वतःच्या मुलाकडे पाहून त्यांची नजर ढळत राहते.

जॅन या मुलीचा प्रसंग विशेष लक्षात ठेवावा असा आहे. तिचे केस बारीक, चालणे-बोलणे पुरुषी, म्हणून सगळ्यांनी तिला समलिंगी ठरवलेले. प्रत्यक्षात तिला मुलगेच आवडतात. वेशावरून कल ओळखण्याची सवय त्या एका प्रसंगात उघडी पडते.

मेगनला आपली ओळख खऱ्या अर्थाने पटते ती शिबिरातच, ग्रॅहम (क्लिआ ड्यूव्हॉल) या मुलीच्या प्रेमात पडल्यावर. ग्रॅहमला वडिलांनी बेदखल करण्याची धमकी दिलेली असते. त्यामुळे मेगन शिबिरातून बाहेर पडते तरी ग्रॅहम मागेच राहते. विनोदी चित्रपटात ही भीती इतक्या गंभीरपणे घेतलेली क्वचितच दिसते.

अमेरिकन प्रमाणन मंडळाने आधी प्रौढांपुरते कडक प्रमाणपत्र दिले, आणि काही दृश्ये कापल्यावरच ते सौम्य केले. सुरुवातीला अनेक समीक्षकांना चित्रपट ढोबळ वाटला. समलिंगी तरुण प्रेक्षकांनी मात्र तो जपला, आणि पुढे त्याचे संगीत नाटकही झाले.

असे उपचार ही कल्पित गोष्ट नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, तरी ती 'बरी' करण्याचे दावे थांबले नाहीत. अल्पवयीनांवर परवानाधारक व्यावसायिकांनी असे उपचार करण्यास कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये बंदी घालणारा कायदा केला. भारतात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या प्रकाराविरुद्ध निर्देश दिले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी तो व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. 'लग्न करून दिले की होईल ठीक' हे आपल्या घरांतले वाक्य त्याच समजुतीतून येते. ते बोलणारे आई-बाप बहुधा दुष्ट नसतात, मेगनचेही नाहीत. श्रेयनामावलीच्या वेळी ते दोघे समलिंगी मुलांच्या पालकांच्या सभेत अवघडून बसलेले दिसतात.