तिओच्यू पिआ

तिओच्यू पिआ : दक्षिण चीनमधील तिओच्यू समाजाची पापुद्रेदार, सारण भरलेली पारंपरिक मिठाई. ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्व टोकाला, हान नदीच्या मुखाच्या आसपास चाओचौ, शान्तौ आणि च्येयांग ही शहरे आहेत. या पट्ट्याला चाओशान म्हणतात आणि इथल्या लोकांना तिओच्यू. प्रांत एकच असला तरी त्यांची बोली प्रांताची राजधानी असलेल्या कँटनच्या बोलीपेक्षा शेजारच्या फूच्येन प्रांतातील बोलींना जवळची आहे. एकोणिसाव्या शतकापासून हा समाज मोठ्या संख्येने आग्नेय आशियात पसरला आणि पिआही त्याच्याबरोबर गेली. गेल्या काही दशकांत परदेशातील तिओच्यू वस्त्यांमधली जुनी दुकाने एकेक करून बंद होत आहेत. त्यामुळे जुन्या पद्धतीची पिआ कुठे, कधी आणि कशी मिळते हे आता माहीत करून घ्यावे लागते.

पिआची खरी परीक्षा पारीत होते. तिच्यासाठी दोन वेगळे गोळे मळतात. एक गव्हाचे पीठ, पाणी आणि थोडी चरबी घालून केलेला. तो ताणला तरी तुटत नाही. दुसऱ्यात पाण्याचा थेंबही नसतो, नुसते पीठ आणि चरबी. पहिल्यात दुसरा भरायचा, लाटायचा, गुंडाळायचा आणि पुन्हा लाटायचा. आपल्याकडे चिरोट्यांच्या किंवा साट्याच्या करंज्यांच्या पोळ्यांना साटा लावून वळकटी करतात, तेच हे तंत्र. भट्टीत गेल्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते, चरबीने वेगवेगळे ठेवलेले थर ती उचलते आणि पापुद्रे सुटतात. गोळे फार गरम झाले तर चरबी पिठात जिरते आणि थर एकमेकांना चिकटतात. सिंगापूर-बँकॉकसारख्या दमट उन्हाळी शहरांत हे काम पहाटेच्या गारव्यात उरकण्याची रीत पडली ती याचमुळे.

चरबी डुकराची असते. तिओच्यू बोलीत तिला ‘लाओ’ म्हणतात आणि तिच्यात केलेल्या पिआला ‘लाओ पिआ’. जुने कारागीर ती मंद आचेवर स्वतः कढवतात, गाळतात आणि थिजवून वापरतात. वनस्पती तुपानेही पापुद्रे सुटतात. पण ते चढ्या उष्णतेला वितळणारे असले की टाळूला मेणचट थर राहतो आणि चरबीचा तो खमंग वास येत नाही. लोणी घातले तर चव पाश्चात्त्य बेकरीकडे झुकते. खर्च, आरोग्याची धास्ती किंवा मुस्लिम गिऱ्हाइकांची सोय म्हणून अनेक दुकानांनी चरबी सोडली. कारणे समजण्यासारखी आहेत. तरीही चरबी गेली की लाओ पिआ गेली, उरते ती फक्त तिच्या आकाराची दुसरी मिठाई, असे प्रस्तुत नोंदकाराचे ठाम मत आहे.

सारणांत मुगाच्या पुरणाचा मान पहिला. सालपटे काढलेले मूग वाफवून वाटतात आणि साखर-चरबीत कोरडे होईपर्यंत परततात. मूग मूळचा भारतीय उपखंडातला. तो पूर्वेकडे गेला आणि चिनी मिठाईचा आधार होऊन बसला. याच पुरणात मीठ आणि तळलेला बारीक लाल कांदा घातला की खारी-गोड पिआ होते. अझुकी या बारीक लाल कडधान्याचे काळपट पुरण दुसरे. तिसरे सारण आहे त्याला ‘स्फटिक’ असे नाव आहे : साखरेत मुरवलेले चरबीचे बारीक तुकडे आणि पाकवलेला कोहळा. साखरेमुळे ही चरबी भाजल्यावर पारदर्शक दिसते आणि दाताखाली करकरते. तेलकटपणा जवळजवळ जाणवत नाही. अनेक पिआंत मधोमध बदकाच्या अंड्याचा खारवलेला बलक असतो. गोड आणि खारे एकाच घासात आणण्याची ही आवड साऱ्या तिओच्यू स्वयंपाकात दिसते.

पिआ कोणत्या सारणाची हे कळावे म्हणून वर लाल रंगाचा ठसा उमटवतात. कधी ते दुकानाचे नाव असते, कधी एखादे अक्षर, कधी नुसते ठिपके. दुकानात चिठ्ठ्या लावलेल्या नसल्या तरी नेहमीचे गिऱ्हाईक ठसा पाहून बोट दाखवते.

चाओचौ शहराची स्वतःची खासियत म्हणजे आंबवलेल्या टोफूची पिआ. साखरेत मुरवलेली चरबी, लाल आंबवलेला टोफू, लसूण, शेंगदाणे, तीळ आणि थोडे मद्य असे तिचे सारण. नाव ऐकून बिचकणारा माणूस एक खाल्ल्यावर दुसरी मागतो. शान्तौच्या हद्दीतले ग्वेयू हे गाव जगाला माहीत झाले ते इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या ढिगांमुळे. चाओशानमध्ये मात्र ते लाओ पिआसाठी ओळखले जाते. हाँगकाँगच्या काउलून सिटीतील एका जुन्या मिठाईवाल्याने दुकानाच्या नावातच ग्वेयू ठेवले आहे. एखाद्या गावाची कीर्ती अशी मिठाईने जपलेली पाहून बरे वाटते.

सिंगापूर आणि मलेशियात ‘तिओच्यू मूनकेक’ म्हणून जी विकली जाते ती तळलेली पिआ आहे. वळकटीचे आडवे काप करून लाटल्यामुळे पारीवर शंखासारखी वलये दिसतात, आत कंदाचे गोड पुरण असते. ज्याच्या पानांच्या आपण अळूवड्या करतो त्याच वनस्पतीचा हा मोठ्या कंदाचा वाण. बहुतेक परके लोक तिओच्यू मिठाई म्हणून एवढीच ओळखतात, कारण शरदातल्या पौर्णिमेला मोठी हॉटेलेही ती खोक्यांतून विकतात.

पिआच्या जोडीने ‘क्वे’चा उल्लेख करायलाच हवा. हे तांदळाच्या पिठाचे, बहुधा वाफवलेले पदार्थ. गुलाबी रंगाच्या, पीच फळाच्या आकाराच्या पारीत चिकट तांदूळ, शेंगदाणे, अळिंबी आणि सुकी कोळंबी भरून केलेले क्वे देवापुढे ठेवतात. पीच हे दीर्घायुष्याचे चिन्ह. रानातली एक लवदार पाने असलेली वनस्पती पिठात कुटून केलेले काळपट हिरवे क्वे नववर्षाला होते. आकार द्यायला लाकडी साचे लागतात आणि लाकडी कोरीवकामासाठी चाओचौ फार जुन्या काळापासून नावाजलेले आहे. ‘ज्या सणाला जे क्वे’ अशा अर्थाची म्हण तिओच्यू बोलीत आहे. वर्षाचे आठ मोठे सण, चिनी चांद्र पंचांगाच्या पहिल्या महिन्यातल्या ग्रामदैवतांच्या मिरवणुका, सातव्या महिन्यातला भुकेल्या पितरांचा सण, आठव्या महिन्यातली चंद्रपूजा, आणि यांच्या अधेमधे लग्ने : मिठाईवाल्याचे वर्ष या क्रमाने फिरत असे.

लग्नात पिआला विशेष काम होते. मुलाकडून मुलीकडे जी देणगी जाते तिच्यात मिठाई असे आणि मुलीकडचे लोक ती नातेवाइकांना वाटत. पिआ घरी आली म्हणजे लग्न ठरले आणि आमंत्रण पोचले. शेंगदाण्याची व तिळाची चिक्कीही याच पेटाऱ्यातली. एका लग्नाची मागणी शेकड्यांत जाई. जुन्या भट्टीचा संसार रोजच्या फुटकळ गिऱ्हाइकीपेक्षा या मोठ्या मागण्यांवर चालत होता. दुकाने का बंद पडली हे समजायला ही गोष्ट भाड्याइतकीच महत्त्वाची आहे.

शान्तौ बंदर 1860 मध्ये परदेशी व्यापाराला उघडले आणि तिथून सयाम, मलाया, सिंगापूर, कंबोडिया व व्हिएतनामकडे माणसांचा ओघ लागला. थायलंडमधल्या चिनी वंशीयांत तिओच्यू सर्वाधिक आहेत. अठराव्या शतकातला राजा ताक्सिन हाही तिओच्यू बापाचा मुलगा. सिंगापुरात चिनी वंशीयांपैकी साधारण पाचवा हिस्सा तिओच्यू आहे, फूच्येनमधून आलेल्या होक्कियन लोकांनंतरचा दुसरा मोठा गट. त्यांची जुनी वस्ती सिंगापूर नदीच्या दक्षिण काठी होती. ‘बोट की’ या धक्क्यावर धान्य आणि सुक्या मासळीची गोदामे होती, जवळच वाक हाय चेंग बिओ हे देऊळ, आणि थोडे वर एलनबरो मार्केट, ज्याला लोक तिओच्यू बाजार म्हणत. देऊळ आजही आहे. बाजाराला 1968 मध्ये आग लागली, पुढे तो पाडला गेला आणि त्या जागी हॉटेल आले.

सिंगापुरातली पडझड एका कारणाने झालेली नाही. 1960 नंतर जुन्या वस्त्यांतली कुटुंबे सरकारी गृहसंकुलांत हलवली गेली आणि एका गल्लीत राहणारे गिऱ्हाईक बेटभर विखुरले. युद्धोत्तर काळापासूनचा भाडेनियंत्रण कायदा 2001 मध्ये रद्द झाला, तेव्हा जुन्या दुकानघरांना बाजारभावाने भाडे द्यावे लागू लागले. दिवसभर पिठाशी झटून थोडक्या पैशांना पिआ विकणाऱ्याला ते झेपणारे नव्हते. 1979 पासून सरकारने मँडरिन बोलण्याची मोहीम चालवली. 2020 च्या जनगणनेत घरात मुख्यतः चिनी बोली बोलणारे रहिवासी 8.7 टक्के उरले होते. ज्या नातवाला तिओच्यू येत नाही, त्याला आजी कोणत्या पिआसाठी कोणत्या दुकानात पाठवत असे हे दुकानदाराला सांगताच येत नाही. आणि भट्टीवाल्यांची मुले शिकून कार्यालयांत गेली. पहाटे तीनला उठून चरबी कढवायला ती परत येतील अशी अपेक्षा त्यांच्या आईबापांनीही ठेवली नाही.

थाय मो चान या दुकानाची कथा या सगळ्याचे ठळक उदाहरण आहे. 1943 पासून चालत आलेले हे तिओच्यू मिठाईचे दुकान 2011 मध्ये गेलांग भागात बंद झाले. त्यानंतर ब्रेडटॉक या मोठ्या बेकरी समूहाने ते नाव पुन्हा उभे केले आणि पिआ मॉलमध्ये आल्या. जाणत्यांमध्ये यावर दोन मते आहेत. मॉलमध्ये का होईना, कृती जिवंत राहिली आणि तरुण कारागीर शिकले, ही मोठीच जमेची बाजू म्हणायला हवी. मात्र ज्या दुकानात लग्नाची बोलणी झालेले कुटुंब बसून पेटाऱ्यात काय काय हवे ते ठरवत असे, ते दुकान मॉलच्या काउंटरवर होत नाही.

हाँगकाँगमध्ये तिओच्यूंचे ठाणे काउलून सिटी. काई ताक विमानतळामुळे या भागात उंच इमारतींना बंदी होती, म्हणून जुनी दुकाने आणि स्वस्त भाडी टिकली. 1998 मध्ये विमानतळ हलला. 2022 मध्ये नागरी पुनर्निर्माण प्राधिकरणाने न्गा त्सिन वाय रोड व कार्पेंटर रोड परिसराच्या पुनर्विकासाची योजना सुरू केली. तिओच्यू मिठाईची दुकाने, त्यांच्या शेजारचे वाणी आणि थाई खाणावळी सगळ्याच भागाचे भवितव्य या योजनेशी बांधलेले आहे. लग्नाच्या मिठाईचे तर तिथे फार पूर्वीच रूपांतर झाले : नातेवाइकांना मिठाईऐवजी कूपन देतात आणि त्यावर कुणीही हवा तो केक घेऊन येतो. सातव्या महिन्यातला तिओच्यू पितरांचा उत्सव मात्र 2011 पासून चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आहे आणि हाँगकाँगभर त्याचे मांडव पडतात. त्या दिवसांत पूजेसाठी मिठाईला मागणी येते.

म्हणून पिआ शोधणाऱ्याने पत्त्यांच्या याद्यांपेक्षा चिनी चांद्र पंचांग हाताशी ठेवावे. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेआधीचे तीन-चार आठवडे सर्वांत चांगले. जी दुकाने एरवी दोन-तीन प्रकार करतात ती या काळात सगळी सारणे काढतात. मोठे प्रकार, टोफूची पिआ किंवा लग्नाचा पेटारा आधी सांगूनच मिळतो. सकाळी लवकर जावे. मॉलपेक्षा मासळी-भाजीच्या बाजाराच्या कडेची दुकाने, पूजासाहित्याची व लग्नसाहित्याची दुकाने आणि देवळांच्या आसपासच्या गल्ल्या आधी पाहाव्यात. त्यांना कुठली भट्टी माल देते हे विचारले की बहुधा खरा पत्ता कळतो. चरबी कोणती वापरता हा प्रश्न सरळ विचारावा, जुना कारागीर त्याचे उत्तर आनंदाने देतो. पिआ हातात घेतल्यावर कागदावर भुगा पडायला हवा आणि सारण कापल्यावर कोरडे पण मऊ दिसायला हवे. चरबीतली पिआ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खावी, सोबत कडक गुंगफू चहा. चाओचौमध्ये अशा खाण्याला चहाची जोड असेच म्हणतात आणि लहान पेल्यांतला तो कडसर चहा चरबीचा जडपणा उतरवतो.

मूळ प्रदेशात चित्र निराळे आहे. चाओचौला 2023 मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात पाकशास्त्राचे शहर म्हणून स्थान मिळाले, कमानींच्या जुन्या रस्त्यावर प्रवाशांची रीघ असते आणि टोफूची पिआ आकर्षक खोक्यांत विकली जाते. चाओचौच्याच चाओआन भागातले आनपू हे गाव तर सुकामेवा, पाकवलेली फळे आणि पाकीटबंद खाऊच्या कारखान्यांसाठी देशभर माहीत आहे. मात्र पाकिटात महिनोन्‌महिने टिकणारी पिआ आणि सणाच्या आदल्या दिवशी गावच्या भट्टीतून आलेली पिआ यांत अंतर आहे. ते चाखायचे तर ग्वेयूसारख्या गावांत पौर्णिमेच्या सुमारास जावे.

थायलंडमध्ये पिआ ‘खनोम पिआ’ म्हणून इतकी रुळली आहे की ती केवळ चिनी समाजाची राहिलेली नाही. बँकॉकचा यावरात रस्ता आणि पूर्वेकडचे छाच्येंगसाव ही तिची मोठी ठिकाणे. शाकाहारी मराठी वाचकासाठी इथेच एक चांगली संधी आहे. चांद्र नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस थायलंडमधले चिनी वंशीय नऊ सम्राट देवांचे व्रत पाळतात. तेव्हा लाल अक्षरांची पिवळी निशाणे लावलेल्या दुकानांत चरबी, अंडे, कांदा आणि लसूण यांपैकी काहीही नसलेली खास पिआ मिळते. सारण बहुधा गोड मुगाचे असते.