‘आमच्यात असंच असतं’

समजा, बायको कोलकात्याची आणि नवरा आपल्या गंगापूर रोडचा. सासरची मंडळी नाशिक रोड स्टेशनवर उतरली की पठ्ठ्या गाडी घेऊन हजर. सकाळी तर्रीदार मिसळ, मग रामकुंड, दुपारी पांडवलेणी, आणि तोंडी लावायला चार वाक्यांचं बंगाली. सासूबाई भारावून जातात. असा जावई शोधून सापडायचा नाही! पाहुण्यांची गाडी सुटली की मात्र याला स्वतःचा पाण्याचा पेलाही जड होतो. बायकोने विचारलं तर उत्तर तयार: “अगं, आमच्यात पुरुष स्वयंपाकघरात जात नाहीत.”

(जोडपं काल्पनिक आहे. ओळखीचं वाटलं तर माझा इलाज नाही.)

सासूबाई भोळ्या आहेत असं नाही. मित्या बाक या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणाऱ्या ७३ नव्या विद्यार्थ्यांनी एकेक करून थोडक्यात ओळख करून दिली आणि बाकीच्यांनी लगेच गुण दिले. ज्यांच्यात आत्मप्रेम जास्त, ते अधिक आवडले. नीटनेटके झकपक कपडे, हसरा चेहरा, चालण्यातला आत्मविश्वास, बोलण्यातला मिश्कीलपणा, हे सारं कामी आलं. गंमत पुढेच आहे. आत्मप्रेमाच्या छटांपैकी सर्वांत जास्त भाव खाऊन गेली ती दुसऱ्याला वापरून घेण्याची आणि ‘हे मला मिळायलाच हवं’ असं मानण्याची छटा. संसारात सर्वांत महाग पडते तीही हीच.

कॅनडातल्या डेलरॉय पॉलहस यांनी १९९८ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली होती. दर आठवड्याला भेटणाऱ्या गटांत स्वतःची टिमकी वाजवणारे लोक पहिल्या भेटीत छाप पाडून गेले. सातव्या भेटीपर्यंत तेच नकोसे झाले. पाहुणे चार दिवसांत परततात. सातवी भेट बायकोच्या वाट्याला येते.

मग तिला कळायला वर्षं का लागावीत? माझ्या मते याचं कारण प्रेमापेक्षा हिशेबात आहे. कोण कशामुळे कसं वागतं हे आपण कसं ठरवतो, याची मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड केली यांनी १९६७ साली केली. मन नकळत तीन गोष्टी तपासतं: इतरही असंच करतात का, हा दर वेळी करतो का, आणि हा एवढ्याच बाबतीत असा वागतो की सगळीकडे? इतर कुणी करत नाही, हा मात्र नेहमी आणि सगळीकडे करतो, असं दिसलं की आपण कारण त्या माणसातच शोधतो. केलींनी आणखी एक गोष्ट सांगितली: एक पटण्याजोगं कारण समोर असलं की दुसऱ्या कारणाचं वजन आपण आपोआप कमी करतो.

नाशिकची मुलगी असती तर पहिला प्रश्न लग्नाच्या पहिल्याच महिन्यात निकालात निघाला असता. वडील, काका, मामा असे डझनभर नमुने तिच्या डोळ्यांसमोर असते. कोलकात्याच्या मुलीकडे मराठी नवऱ्याचा नमुना एकच, आणि खुलासाही त्याच्याच तोंडून येतो. रीत हे पटण्याजोगं कारण मिळालं की स्वार्थाचं वजन आपसूक घटतं.

उरले दोन प्रश्न, ते तिला घरबसल्या तपासता येतात. श्रावणात घरात मासे शिजत नाहीत, आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात तिचा जीव इलिश माशासाठी तुटतो. याचा श्रावण मात्र मित्रांबरोबर हॉटेलात बसला की संपतो. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणून वाण आणि अनारसे हवेत, कारण आमच्यात असतं. बंगाल्यांच्या जामाई षष्ठीची, म्हणजे जावयाच्या सणाची, मेजवानीही हवी, कारण तुमच्यात असतं. खर्चाची किंवा कष्टाची रीत आली की साहेब एकदम आधुनिक. रीत कधी खिशाला लागते, कधी सोयीची पडते. याच्या वाट्याला मात्र दोन्ही संस्कृतींतल्या सोयीच्याच तेवढ्या येतात.

एक गोष्ट त्याच्या बाजूनेही नोंदवायला हवी. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ३७ जोडप्यांना घरकामातला आपापला वाटा विचारला होता. दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेकदा शंभर टक्क्यांच्या वर गेली. स्वतःचे कष्ट प्रत्येकालाच जास्त आठवतात, तिलाही.

पण पेला उचलणं हा काही बेरजेचा प्रश्न नाही. शेवटी एका रविवारी धाकटी नणंद भांडी पुसायला उभी असताना बायको तिला सहज विचारते, तुमच्याकडे पुरुष खरंच स्वयंपाकघरात येत नाहीत का गं?

“आमच्यात? अहो वहिनी, बाबा जेवले की स्वतःचं ताट स्वतः घासतात. हे दादाचं नवीनच दिसतंय.”